सिक्कीमचे छोग्याल: ३३३ वर्षं टिकले कसे आणि मग गेले का?

रानवाट

राम राम मंडळी,

सिक्कीम म्हटलं की आपल्याकडे गंगटोक-पेलिंग-दार्जिलिंगचं पॅकेज, छांगू लेकला याकवर बसून फोटो आणि नथुलाचं परमिट मिळणार की नाही ही चिंता. इतिहास विचारला तर "१९७५ ला इंदिराबाईंनी घेतलं" इथे गाडी थांबते. मी सध्या या राज्याबद्दल मिळेल ते वाचतोय आणि एक प्रश्न काही डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतोय.

१६४२ साली युक्सोमला तीन लामांनी मिळून फुन्त्सोग नामग्यालला गादीवर बसवलं, म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा बारा वर्षांचे. तिथपासून १९७५ पर्यंत एकच घराणं, बारा छोग्याल, म्हणजे तिथले राजे. मुलूख केवढा, तर आजचं सिक्कीम आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही लहान. वर तिबेट आणि त्याच्या पाठीशी चीन, पश्चिमेला गोरखे, पूर्वेला भूतान, खाली आधी कंपनी सरकार, मग राणीचं सरकार, मग दिल्ली. यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी लचका तोडलाय. राजधानी युक्सोमहून रबदेन्त्सेला, तिथून तुमलोंगला आणि १८९४ मध्ये गंगटोकला गेली, यातली शेवटची दोन स्थलांतरं तरी सरळसरळ शेजाऱ्यांच्या कृपेने.

माझं मत असं की हे राज्य सैन्यावर टिकलंच नाही, सैन्य होतंच कुठे. टिकलं ते मोठे शेजारी एकापेक्षा जास्त होते म्हणून. गोरखे आले की तिबेटात पळायचं, गोरखे हटेनात की कंपनीकडे बघायचं, कंपनी डोईजड झाली की ल्हासाला गाऱ्हाणं घालायचं. १९५० नंतर तिबेटच गेला, वरचं दार बंद झालं, खाली दिल्ली तेवढी उरली आणि पंचवीस वर्षांत गादी संपली.

पटतंय का? नसेल तर का नाही ते लिहा.

वाकडी_सुपारी

वाचनखूण साठवली. जेवणं आटपली की निवांत वाचते.
याकवर बसलेला फोटो माझाही आहे, उगाच नावं ठेवू नयेत 😀

अभ्यासू_उंदीर

रानवाट, मुद्दा आवडला, आणि पुरावा अगदी सुरुवातीपासून सापडतो. तिसरा छोग्याल चाकदोर नामग्याल गादीवर आला तेव्हा पोरगेला होता. त्याची सावत्र बहीण पेंदी वांगमो, आई भूतानची. तिला गादी हवी होती, म्हणून १७०० च्या सुमारास तिने आजोळच्या लोकांना, म्हणजे भूतानच्या फौजेला बोलावलं. राजा निसटला तो थेट ल्हासाला. तिथे शिकला, वजन कमावलं, तिबेटने मध्ये पडून भूतानी मागे सरकवले तेव्हा परत आला. पण कालिम्पोंगकडचा भाग भूतानने सोडला नाही तो नाहीच.

बहीणही गप्प बसली नाही. सिक्कीमच्या इतिहासात सांगतात की राजा रालोंगच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेला असताना तिने वैद्याला फितवून उपचाराच्या नावाखाली शीर कापून रक्त वाहू दिलं. राजा गेला. मग राजाच्या माणसांनी वैद्याला मारलं आणि हिचा रेशमी वस्त्राने गळा आवळला.

म्हणजे घरातलं भांडण आणि शेजाऱ्याची फौज, हा तिथला नेहमीचा जोडीचा खेळ. तुम्ही फक्त दुसरा अर्धा सांगितलात.

चिंगी_परब

अरे बापरे. हे सिरीयलवाल्यांच्या हाती लागलं तर सातशे भाग काढतील, त्यातले साडेतीनशे नुसते गरम पाण्याच्या कुंडावर.

नाना_पेठकर

रानवाटसाहेब, थिअरी दिसायला छान आहे पण तुम्ही राजाच्या गच्चीवरून खाली बघताय. प्रजा कुठाय यात? डिसेंबर १९४७ मध्ये सिक्कीम स्टेट काँग्रेस स्थापन झाली तेव्हा त्यांच्या तीन मागण्या होत्या, जमीनदारी बंद करा, जबाबदार अंतरिम सरकार द्या आणि तिसरी, सिक्कीम भारतात विलीन करा. १९४७ मध्ये! तेव्हा तिबेट जागेवर होता, चीनचं सैन्य आलेलं नव्हतं, तुमचं वरचं दार सताड उघडं होतं. आणि विलीन करायला नको कोण म्हणत होतं? खुद्द दिल्ली. पटेलांचा कल सामिलीकरणाकडे होता, नेहरूंना सिक्कीमला वेगळं ठेवायचं होतं, शेवटी ५ डिसेंबर १९५० चा करार होऊन ते संरक्षित राज्य झालं, म्हणजे संरक्षण, परराष्ट्र आणि दळणवळण आपल्याकडे, बाकी राजाकडे. राजा पंचवीस वर्षं जास्त टिकला तो दिल्लीच्या मेहेरबानीने. शेजाऱ्यांना एकमेकांशी झुंजवून टिकला हे १८०० सालापर्यंत ठीक, पुढे नाही.

रानवाट

नाना, प्रजेचा मुद्दा मान्य, त्यावर येतोच. पण दिल्लीने १९५० मध्ये वेगळं का ठेवलं? कारण वर काय घडतंय ते तेव्हा कळत नव्हतं. चिनी फौज ऑक्टोबर १९५० मध्ये तिबेटात घुसली आणि आपला करार डिसेंबरात झाला. मध्ये एक उशी हवी होती. म्हणजे पुन्हा दोन मोठ्यांच्या मधली जागा हेच भांडवल.

कोकणकडा_७७

१८१७ कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. गोरख्यांनी १७८८ नंतर सिक्कीमचा पश्चिमेचा मुलूख आणि खालची तराई गिळली होती, रबदेन्त्सेही पडलं होतं, राजा पळून तिबेटात, तिथेच वारला. मग कंपनी-नेपाळ युद्ध झालं १८१४ ते १६, कंपनी जिंकली आणि फेब्रुवारी १८१७ मध्ये तितालियाच्या तहाने मेची आणि तिस्ता या नद्यांमधला प्रदेश सिक्कीमच्या राजाला परत मिळाला. फुकट? छे. नेपाळशी किंवा कुणाही शेजाऱ्याशी तंटा झाला तर निवाडा कंपनी करणार.

त्याच वर्षी नोव्हेंबरात खडकीला आपल्या पेशव्यांची काय गत केली कंपनीने ते आपल्याला पाठ आहे. म्हणजे एकाच वर्षात एका हाताने राजाला मुलूख परत देणं आणि दुसऱ्या हाताने पेशवाई बुडवणं. दोन्हीकडे अट तीच की तुमच्या भांडणात आम्ही पंच.

वाकडी_सुपारी

आले परत. दार्जिलिंग भाड्याने दिलं होतं असं आमचा ड्रायव्हर सांगत होता, खरंय का?

कोकणकडा_७७

@वाकडी_सुपारी, भाड्याने नाही पण तेवढंच विनोदी. सिक्कीम आणि नेपाळच्या सीमेच्या भांडणात पंच म्हणून कंपनीचा कॅप्टन लॉइड त्या बाजूला गेला होता, त्याच्या नजरेत १८२९ मध्ये दार्जिलिंगचा डोंगर भरला. हवा थंड, आजारी साहेबांना आराम पडेल. मग राजाकडे मागणी. १ फेब्रुवारी १८३५ ला राजाने मैत्रीखातर म्हणून डोंगर लिहून दिला. बदल्यात सुरुवातीला राजाला काय मिळालं तर एक दुनळी बंदूक, एक रायफल, वीस वार तांबडं बनातीचं कापड आणि दोन शाली, एक भारीतली आणि एक हलकीतली. कुरकुर झाली तेव्हा १८४१ पासून सालाना तीन हजार रुपये सुरू केले, पुढे १८४६ पासून सहा हजार.

चिंगी_परब

शाली दोन दिल्या आणि नारळ विसरले. पूर्ण सत्कार तरी करायचा.

गण्या_फ्रॉम_नगर

हलकीतली शाल कुणासाठी होती पण? दिवाणजींसाठी का? 😂

अभ्यासू_उंदीर

दिवाणजी शालीवर समाधान मानणारे नव्हते. त्या काळात राज्याचा कारभार नामगुए नावाच्या दिवाणाकडे, इंग्रज त्याला 'पागला दिवाण' म्हणायचे. १८४९ मध्ये दार्जिलिंगचा सुपरिटेंडंट डॉ. कॅम्पबेल आणि झाडं गोळा करणारा जोसेफ हुकर (तोच तो ऱ्होडोडेंड्रॉनवाला) सिक्कीममधून तिबेटच्या सरहद्दीपर्यंत गेले. परत येताना दिवाणाच्या माणसांनी दोघांना धरलं, कॅम्पबेलला तर मारहाणही झाली. दीडेक महिन्याने सोडलं. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. सहा हजारांचा तनखा बंद आणि १८५० मध्ये तराई नि दार्जिलिंगभोवतीचा डोंगराळ पट्टा दोन्ही जप्त. आता नकाशा उघडून बघा, तराई गेली म्हणजे सिक्कीमचा मैदानाशी संबंध तुटला. भाताची सुपीक जमीन गेली, बाहेर पडायचं तर इंग्रजांच्या हद्दीतून. मला विचाराल तर राज्य खऱ्या अर्थाने तेव्हाच संपलं, १८६१ चा तुमलोंगचा तह वगैरे नंतरची कागदपत्रं. त्या तहात तर कलमच आहे की या दिवाणाने पुन्हा सिक्कीममध्ये पाऊल ठेवायचं नाही.

आणि गंमत म्हणजे हे सगळं एका राजाच्या कारकिर्दीत. त्सुगफुद नामग्याल, गादीवर १७९३ ते १८६३. लहानपणी गोरखे पाहिले, तरुणपणी कंपनीने मुलूख परत दिलेला पाहिला, म्हातारपणी त्याच कंपनीने तो परत काढून घेतलेला.

डोंगरदऱ्यातली_अनू

पहिल्यांदाच लिहितेय या विभागात. माझं सासर सिलिगुडीत, तीन पिढ्या तिथे व्यवसाय, त्यामुळे येणंजाणं डोंगरातल्या लोकांशी रोजचं. रानवाट, तुमचा धागा छान आहे पण सगळे राजाबद्दल बोलताय. लेपचा लोकांशी दोन शब्द बोललात तर ते वेगळीच गोष्ट सांगतील. छोग्यालांचं घराणं मुळात वरून, तिबेटच्या बाजूने चुंबी खोऱ्यातून आलेलं. लेपचा तिथले आधीपासूनचे. कबी लुंगचोक नावाची जागा आहे गंगटोकच्या वर, तिथे लेपचांचा थेकोंग तेक आणि भूतियांचा, म्हणजे त्या तिबेटकडून आलेल्यांचा, खे बुमसा यांनी रक्ताची भाऊबंदकी केली असं मानतात, दगड उभे आहेत, दर वर्षी पूजा होते. आता भाऊ झाले खरे पण गादी एकाच भावाकडे गेली ना. पश्चिमेचे लिंबू जमातीचे लोकही तसेच, पहिल्या राजांच्या काळात त्यांच्याशी समझोते झाले आणि बंडंही झाली.

आणि मग नेपाळी. हे लोक तिथे आणले कुणी? बरेचसे इंग्रजांच्या काळात. १८८९ मध्ये जॉन क्लॉड व्हाइट हा पहिला पोलिटिकल ऑफिसर होऊन आला, त्याने राजाला बाजूला बसवून (थुतोब नामग्यालला कालिम्पोंग, दार्जिलिंगला नजरकैदेत ठेवलं होतं) जमिनी ठेक्याने द्यायला लावल्या, डोंगर कापून टप्प्याटप्प्याची शेती करायला नेपाळी कुटुंबं वसवली, कारण महसूल वाढवायचा होता. १८९१ च्या गणतीतच नेपाळी निम्म्याच्या आसपास. साठ-सत्तर वर्षांत ते तीन चतुर्थांश झाले.

वेठबिगार ऐकलीत का कधी? झारलंगी म्हणजे साहेब किंवा काझी (तिथले जमीनदार सरदार) जाणार तर ओझं फुकट उचलायचं. कालोभारी म्हणून एक प्रकार, डांबर लावलेल्या काळ्या कापडात बांधलेलं सरकारी ओझं तिबेटच्या वाटेने खिंडीपर्यंत पाठीवर न्यायचं, आत काय आहे ते विचारायचं नाही. १९४० च्या दशकापर्यंत चाललं हे. त्या लोकांच्या नातवंडांनी १९७३ मध्ये राजवाड्यावर मोर्चा नेला तर त्यात दिल्लीचा हात किती आणि पाठीवरच्या ओझ्याचा किती ते तुम्हीच ठरवा.

नाना_पेठकर

अनूताई, शंभर टक्के अनुमोदन. हेच म्हणत होतो पण इतकं नीट नव्हतं जमलं.

कोल्हापुरी_ठेचा

आमच्याकडं संस्थान १ मार्च १९४९ ला विलीन झालं. दक्षिणेतली बाकीची, औंध, भोर, सांगली वगैरे आधीच ८ मार्च १९४८ ला मुंबई राज्यात गेली. भोर तर डोंगरातलंच संस्थान की. मग सिक्कीमचंच एवढं कौतुक का? तेपण संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळात होतं, पंधरा तोफांची सलामी होती. नेहरूंनी लाड केले, झालं. आणि ७१ ला सगळ्या राजांचे तनखे बंद केले आपण, तेव्हा सिक्कीमचे महाराज मात्र उलट जास्त अधिकार मागत होते. टायमिंग बघा राजांचं.

रानवाट

ठेचाभाऊ, फरक आहे. भोरच्या पंतसचिवांच्या सरहद्दीवर चीन नव्हता.

फौजी_काका

धागा चांगला चाललाय म्हणून लिहितो. पूर्व सिक्कीममध्ये पोस्टिंग काढलेला माणूस आहे, पुस्तकं कमी वाचली आहेत, खिंडी जास्त चढलोय.

कुणी १८९० चं नाव घेतलं नाही अजून. १७ मार्च १८९० ला कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन आणि चीनचा अंबान (तिबेटमधला त्यांचा प्रतिनिधी) यांनी सही केली, सिक्कीम इंग्रजांचं संरक्षित राज्य हे चीनने मान्य केलं आणि सिक्कीम-तिबेटची सीमा ठरवली. सिक्कीमच्या राजाची सही? नाही. तिबेटचीही नाही. ज्यांच्या दारातून रेघ गेली त्यांना विचारलंच नाही, म्हणूनच तिबेट्यांनी सीमेवरचे खांब मानले नाहीत आणि त्याचं पर्यवसान पुढे १९०३-०४ च्या यंगहजबंडच्या ल्हासा मोहिमेत झालं. ती फौज सिक्कीममधूनच चढली. वरचं ओझं कुणी वाहिलं ते अनूताईंनी सांगितलंच आहे.

आता बघा, २०१७ ला डोकलामला आपलं नि चीनचं सैन्य समोरासमोर आलं तेव्हा चीनने कुठला कागद नाचवला? हाच. त्यात सीमा गिपमोची शिखरापासून सुरू होते असं लिहिलंय, आपलं म्हणणं भारत, चीन, भूतान तिघांच्या सीमा मिळतात ती जागा उत्तरेला बतांग ला पाशी. राजा गेला, इंग्रज गेले, अंबान गेला, कागद अजून ड्यूटीवर आहे.

रानवाट यांच्या म्हणण्यात तथ्य आहे एवढंच सांगतो. ११ सप्टेंबर १९६७ ला नथुलाला तारेचं कुंपण घालण्यावरून चकमक झाली, तोफा चालल्या, दोन्हीकडची माणसं गेली. त्याआधी ६२ होऊन गेलेलं. चुंबी खोरं हे सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीवर रोखलेलं सुरीचं टोक आहे, ते नकाशावर बघणाऱ्या कुणालाही सिक्कीममध्ये डळमळीत काही चालणार नव्हतं. राजा चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा.

गण्या_फ्रॉम_नगर

काका 🙏 "कागद अजून ड्यूटीवर आहे" हे जबरी.

मिसळ_विदाऊट_पाव

जाता जाता, त्या राजाच्या अमेरिकन राणीचं काय? होप कुक ना? मी कुठेतरी वाचलं होतं की ती सीआयएची होती.

अभ्यासू_उंदीर

सीआयए वगैरे त्या वेळच्या दिल्लीतल्या कुजबुजी, पुरावा कधी कुणी दिला नाही. मुलगी न्यूयॉर्कची, १९६३ मध्ये युवराज पाल्देन थोन्दुपशी लग्न झालं. त्याच वर्षाअखेर सासरे ताशी नामग्याल वारले, १९६५ मध्ये राज्याभिषेक. दिल्लीच्या डोक्यात तिडीक गेली ती १९६६ मधल्या तिच्या एका लेखामुळे, गंगटोकच्या तिबेटविषयक संस्थेच्या नियतकालिकात आलेला. मुद्दा असा की सिक्कीमच्या रिवाजात जमीन राजाची, ती वापरायला देता येते, विकता किंवा कायमची देता येत नाही, सबब १८३५ ला दार्जिलिंग फक्त वापरायला दिलं होतं. म्हणजे आडून दार्जिलिंगवर दावा! आता ६२ च्या युद्धानंतर चार वर्षांनी राजाची परदेशी बायको असं लिहिते म्हटल्यावर दिल्लीत काय झालं असेल. बाई १९७३ च्या ऑगस्टमध्ये सिक्कीम सोडून अमेरिकेला गेली ती गेलीच.

वाकडी_सुपारी

म्हणजे माझा दार्जिलिंगचा भाड्याचा प्रश्न अगदीच बावळट नव्हता तर! ड्रायव्हरला कळवलं पाहिजे.

नाना_पेठकर

आता १९७३ कडे या. तिथल्या कौन्सिलात, म्हणजे कायदेमंडळात, भूतिया-लेपचांना आणि नेपाळ्यांना जागा सारख्या. लोकसंख्येत नेपाळी तीन चतुर्थांश. म्हणजे एका गटाच्या माणसाचं मत दुसऱ्याच्या कितीतरी पट जड. जानेवारी ७३ च्या निवडणुकीत मतमोजणीत गडबड झाल्याचा आरोप झाला, एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर, पोलीस ठाणी पडली, राजालाच दिल्लीला सांगावं लागलं की प्रशासन हातात घ्या. ८ मे ला तिहेरी करार, राजा, पक्ष आणि भारत सरकार. ७४ च्या निवडणुकीत काझी ल्हेंदुप दोरजींच्या सिक्कीम काँग्रेसला ३२ पैकी ३१ जागा. यात काझी स्वतः लेपचा, मतदार बहुतेक नेपाळी. राजाला जनतेत आधार किती होता ते या आकड्यात दिसतं की.

कोकणकडा_७७

नाना, ३१/३२ मान्य. पण एप्रिल ७५ चं बोलायला नको का? ९ तारखेला भारतीय सैन्याने राजवाड्याचे पहारेकरी निःशस्त्र केले, त्यात बसंत कुमार छेत्री नावाचा पहारेकरी मारला गेला. १० ला विधानसभेचा ठराव, १४ ला सार्वमत. त्या डोंगरात चार दिवसांत! आणि प्रश्न एकच, गादी रद्द करून सिक्कीम भारताचा घटक व्हावा का, हो किंवा नाही. गादी नको पण वेगळेपण हवं, असं म्हणायचं असेल त्याने काय करायचं? निकाल ५९,६३७ विरुद्ध १,४९६. इतका एकतर्फी निकाल बघितला की मला कौतुक वाटत नाही, शंका येते.

नाना_पेठकर

एका वर्षापूर्वी ३१/३२ आलेत तिथे सार्वमत एकतर्फी येणार नाही तर काय. घाई केली हे मान्य. पण महिनाभर थांबून निकाल फिरला असता असं म्हणायचंय का?

कोकणकडा_७७

फिरला नसता. पण मग घाई कशाला होती? पुढे १९७८ मध्ये मोरारजींनी पंतप्रधान असताना जाहीर सांगितलं की विलीनीकरण झालं ते बरोबर झालं नाही, फक्त आता ते फिरवता येणार नाही.

मिसळ_विदाऊट_पाव

धाग्याचं काश्मीर व्हायच्या आत कुणीतरी विनोद करा रे.

चिंगी_परब

आम्ही शालीवर केला तेवढाच. राजवाड्यात गोळी चालल्यावर नाही सुचत.

कोल्हापुरी_ठेचा

आपल्या मराठी माणसांसाठी माहिती. ७५ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्री होते यशवंतराव चव्हाण. ३६ व्या घटनादुरुस्तीचं विधेयक त्यांनीच आणलं, लोकसभेत २३ एप्रिलला २९९ विरुद्ध ११ ने पास. १६ मे ला सिक्कीम बावीसावं राज्य. म्हणजे कराडच्या माणसाने हिमालयात सीमा नेली दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ६२ ला गेलेले ते सीमा राखायला.

गण्या_फ्रॉम_नगर

हे माहीतच नव्हतं. आम्हाला शाळेत फक्त "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री" एवढंच.

डोंगरदऱ्यातली_अनू

आणखी एक, जे गेलं त्यातलं काय राहिलं ते पण बघा. कलम ३७१ एफ मुळे जुने कायदे बरेचसे तसेच आहेत. विधानसभेच्या ३२ पैकी १२ जागा भूतिया-लेपचांना राखीव, आणि एक जागा 'संघ' म्हणून, तिला नकाशावर मतदारसंघच नाही, नोंदणी झालेल्या मठांतले भिक्षू-भिक्षुणीच उभे राहतात आणि तेच मत देतात. सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये हे वैध ठरवलं. आणि इन्कम टॅक्स नाही! तिथल्या लोकांना सूट आहे, २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर तिथे विलीनीकरणाआधीपासून राहणाऱ्या इतर भारतीय कुटुंबांनाही. आमच्या घरी या विषयावर फार हळहळ होते, कारण आजेसासरे सिलिगुडीत थांबले, अजून थोडे वर गेले असते तर...

मिसळ_विदाऊट_पाव

टॅक्स नाही?? धागाकर्ते, हे वर ठळक अक्षरात हवं होतं. इतिहास गेला खड्ड्यात, सामान बांधतो.

फौजी_काका

@मिसळ, आता जाऊन उपयोग नाही, २६ एप्रिल १९७५ च्या आधी जायला हवं होतं.

सह्याद्रीचा_सुत

उशिरा आलो. सगळं वाचलं. रानवाट, तुमच्या थिअरीला भूतानचं काय करायचं? भूतानलाही वरचं दार १९५० ला बंद झालं. त्यालाही एकच शेजारी उरला, उलट आकाराने मोठा असला तरी त्याच्याकडेही सैन्य कुठे होतं. १९४९ च्या करारात परराष्ट्र व्यवहारात भारताचा सल्ला घेईन असं त्यानेही लिहून दिलं. तरी १९७१ मध्ये भूतान युनोत जाऊन बसला आणि चार वर्षांत सिक्कीम राज्य झालं. शेजारी तेच. मग फरक कशाने पडला?

रानवाट

@सुत, याचीच वाट बघत होतो. माझ्या मते फरक १९५० चा नाहीच, फरक १८६१ आणि १८९० चा. भूतानशी इंग्रजांनी १९१० मध्ये करार केला त्यात अंतर्गत कारभारात लुडबुड करणार नाही असं कबूल केलं. सिक्कीममध्ये मात्र १८८९ पासून साहेब गंगटोकात बसून जमिनी वाटत होता, माणसं वसवत होता. तिबेटची वाट सिक्कीममधून जात होती, भूतानमधून नव्हे, म्हणून जास्त लक्ष सिक्कीमवर. दिल्लीला वारसा मिळाला तो या दोन वेगळ्या कागदांचा. आणि लोकसंख्येचं गणितही त्याच साहेबाने बदलून ठेवलेलं, ज्यावर अनूताई आणि नाना बोट ठेवतायत. म्हणजे प्रजेचा मुद्दाही फिरून बाहेरच्या सत्तेकडेच येतो.

नाना_पेठकर

फिरून येतो पण पूर्ण नाही येत. साहेबाने माणसं वसवली १८९० ला, त्यांना मत नाकारलं १९७० ला कुणी? साहेबाने? राजाला संधी आली होती. एकदा नव्हे दोनदा.

पहिली १९१४. सिद्केओंग तुल्कू, ऑक्सफर्डला शिकलेला, गादीवर आला आणि लगेच काझींच्या जहागिऱ्यांना आणि रयतेवरच्या जुलमाला हात घातला. फेब्रुवारीत गादीवर, डिसेंबरात मेला, पस्तिशीत. कारण सांगितलं हृदयक्रिया बंद पडली, विषाची कुजबुज आजही आहे. ती संधी नशिबाने म्हणा किंवा माणसांनी म्हणा, गेली.

दुसरी मे १९४९. लोकांनी गोंधळ घातला म्हणून राजाने लोकनियुक्त म्हणावं असं मंत्रिमंडळ नेमलं, ताशी त्शेरिंग मुख्यमंत्री. ते २९ दिवसांत बरखास्त झालं आणि दिल्लीहून दिवाण आला, कारण दरबाराला आपल्याच लोकांपेक्षा दिल्लीचा माणूस सोयीचा वाटला. लोकांच्या हातात कारभार द्यायचा नाही म्हणून दिल्लीला आत बोलावलं, आणि चोवीस वर्षांनी तेच लोक दिल्लीचं बोट धरून आत आले. यात चीन, तिबेट, चुंबी काही नाही. भूतानच्या राजाने १९५३ मध्येच राष्ट्रीय सभा स्थापन केली, स्वतःहून.

रानवाट

१९५३ च्या सभेबद्दल: तीही त्याच भूतानची, ज्याने पुढे स्वतःच्या दक्षिणेकडच्या नेपाळी भाषिकांचं काय केलं ते नव्वदच्या दशकात नेपाळमधल्या निर्वासित छावण्यांत दिसलं. म्हणजे टिकला तो उदार होता म्हणून, हे काही पटत नाही.

नाना_पेठकर

उदार नव्हता, पण हुशार होता. आधी घर बंद केलं, मग पाहुण्यांना बोलावलं.

डोंगरदऱ्यातली_अनू

नाना, घर बंद केलं म्हणजे लाखभर माणसं बाहेर काढली. त्यातली काही कुटुंबं पुढे आमच्या बाजूने पायी गेली, बाजारात आजही ओळखीची आहेत. त्याला हुशारी म्हणायला जीभ वळत नाही माझी.

अभ्यासू_उंदीर

भूतानसाठी वेगळा धागा काढा कुणीतरी, इथे दोनशे प्रतिसाद होतील. सुत, तुम्हीच काढा, काडी तुम्ही टाकलीत.

सह्याद्रीचा_सुत

काढतो, रविवारी. नानांनी १९५३ ची सभा आणि रानवाट यांनी १९१० चा करार घेऊन यावं.